हवेचं काय होतं

शाळेत पोरं माझ्या थोरल्या मेहुणीला ‘ॲसिड’ म्हणतात आणि मला ‘शिट्टी’. दोन्ही नावं ठेवणाऱ्याला बक्षीसच द्यायला हवं. त्या रसायनशास्त्र शिकवतात आणि तोंड उघडलं की समोरच्याची सालं निघतात. मी खेळाचा मास्तर. राग नाकाच्या शेंड्यावर आणि शिट्टी ओठांत. एका जागी उभं राहणं मला जमत नाही. बँकेच्या रांगेतसुद्धा माझे पाय जागच्या जागी धावायला लागतात. बायको म्हणते, तुम्हाला जन्मतः कुणीतरी चावी दिलीय आणि ती काढायची राहून गेलीय.

आमची लेक माझ्यावर गेलेली. घरीदारी सगळे तिला भिंगरीच म्हणायचे. वर्गात बाईंचा प्रश्न पुरा व्हायच्या आत हिचं उत्तर तयार. त्यावरून तिची ही मावशी तिला रोज झापायची, आणि रोज मनातल्या मनात खूशही व्हायची. मावशी आणि भाची एकाच वर्गात म्हणजे घरी जेवताना काय चालायचं ते विचारूच नका. भाजीत आम्ल कोणतं, भाकरीचा पापुद्रा का करपतो, हेच. मी आपला ताट उचलून बाहेर.

तर परीक्षेच्या आधी उजळणी घ्यायची म्हणून मेहुणीच्या, म्हणजे आमच्या ताईंच्या डोक्यातून एक खूळ निघालं. वर्गात बसून कोणाच्या डोक्यात काही शिरत नाही, तर पोरांना शाळाभर सोडायचं. तीन-तीन जणांचे गट. प्रत्येक गटाला एका रंगाचा ट्रे. चिठ्ठीवर कोडं, कोडं सोडवायचं आणि ती वस्तू शोधून आणून ट्रेमध्ये ठेवायची. एक मूलद्रव्य, एक संयुग, एक मिश्रण. एक आम्ल, एक आम्लारी, लिटमस लावून दाखवायचं. एक भौतिक बदल, एक रासायनिक बदल. ट्रे आधी भरेल तो गट जिंकला.

“धावपळ तुमच्या खात्यातली, भावोजी,” ताई म्हणाल्या. “तुम्ही मैदानावर उभे राहा. शिट्टी वाजवा. कोणी पडलं-झडलं तर बघा. बाकी डोकं लावू नका.”

“डोकं तुमच्याकडे आहेच सगळ्या खानदानाचं,” मी म्हटलं.

त्या चिठ्ठ्या कापत होत्या. शेवटची चिठ्ठी मला वाचून दाखवली, जमलीय का बघा म्हणून. ‘पाणी आणि हवा मिळून मला खातात. माझं नाव सांगू नका, माझा तुकडा आणा. जितका मोठा तुकडा, तितके जास्त गुण.’

“गंज,” मी म्हटलं. मला रसायनशास्त्रातलं एवढंच येतं.

“बघा, तुम्हालाही आलं. म्हणजे सोपं आहे.”

त्या दिवशी सकाळपासून हवा पडली होती. झाडाचं पान हलत नव्हतं, मैदानावरचं निशाण काठीला चिकटून होतं. मी काही शकुन-अपशकुन मानणारा माणूस नाही, पण अशा हवेत पोरं चिडचिडी होतात आणि पडतात, हे मला ठाऊक आहे. म्हणून मी जरा वैतागूनच उभा होतो.

खेळ सुरू करायच्या आधी ताईंनी मैदानाच्या कडेला टेबल मांडून एक प्रयोग दाखवला. जुनाच, सगळ्यांनी पाहिलेला. मेणबत्ती पेटवायची, वर काचेचा पेला पालथा घालायचा. ज्योत आधी नेटकी जळते, मग बारीक होते, मग निळी, मग नाही. पेल्यात नुसती धुराची रेघ.

“काय झालं?” ताईंनी विचारलं.

“ऑक्सिजन संपला!” भिंगरी. अर्थातच.

“हात वर करून बोलायचं.”

तिने हात वर केला, तोवर मी शिट्टी वाजवली होती आणि सगळी पलटण उधळली. भिंगरी पिवळ्या गटात होती. तिच्याबरोबर एक चष्मा लावणारी शहाणी मुलगी, तिला सगळे चष्मिस म्हणत, आणि एक ताडमाड मुलगा, तो लंबू. भिंगरी जाता जाता मला ओरडून गेली, “पपा, घड्याळ लावा! रेकॉर्ड करते की नाही बघा!”

मी गळ्यातलं घड्याळ दाबलं. बापाची छाती फुगली, खोटं कशाला बोलू.

थोड्याच वेळात ट्रे भरायला लागले. पोरं काय काय घेऊन आली! कोणी तांब्याची तार, कोणी मीठ, कोणी शिपायाच्या डब्यातलं लिंबू पळवून आणलेलं. एका गटाने संयुग म्हणून बाटलीभर पाणी आणलं आणि ताईंनी त्यांना शाबासकी दिली. दुसऱ्या गटाने मिश्रण म्हणून चहाच आणला, हेडबाईंचा. मी पोट धरून हसलो. पिवळ्या ट्रेमध्ये सगळ्यांच्या आधी सगळं आलं होतं. चष्मिस आणि लंबू आळीपाळीने येऊन ठेवून जात होते. फक्त गंजाची जागा रिकामी होती.

इतर गट गंज घेऊन आले. वाकडा खिळा, फाटकाची कडी, डब्याचं झाकण. ताई फूटपट्टीने मोजत होत्या. लाल गट जिंकला म्हणून नाचायला लागला. पिवळ्याचा पत्ता नाही.

“तुमची लेक कुठे राहिली?” ताईंनी विचारलं.

“तुमची भाची. काहीतरी मोठं घबाड आणत असेल. दोन नंबर तिला पचत नाही.”

“ते तिने कुणाकडून घेतलंय ते मला माहीत आहे.”

मी हसलो खरा, पण नजर मैदानाच्या टोकाला लागली होती. माझ्या घड्याळाचा काटा फिरत होता. मला राग यायला लागला. ही कार्टी कुठे उंडारतेय, आल्यावर बघतोच, असं मनात म्हणतोय तोवर शाळेच्या सुतारकामाच्या वर्कशॉपच्या कोपऱ्यावरून चष्मिस आली. ती धावत नव्हती. हेच मला आधी खटकलं. चालत होती, हात अंगापासून लांब धरून, आणि तिच्या ओठांना रंग नव्हता.

“सर,” ती म्हणाली, “ती बोलत नाहीये.”

“कोण?”

“आधी वाटलं मस्करी करतेय. मग लंबू उतरला तिला आणायला. तोपण बोलत नाहीये.”

“कुठे उतरला?”

तिने वर्कशॉपच्या मागे बोट दाखवलं. “लोखंडी टाकीत.”

वर्कशॉपच्या मागे पाण्याची जुनी टाकी होती. लोखंडी पत्र्याची, आडवी, एखाद्या खोलीएवढी, बुटक्या खांबांवर बसवलेली. प्लॅस्टिकच्या टाक्या आल्यापासून तिला कोणी हात लावला नव्हता. वरचं झाकण बोल्टांनी आवळून बंद. तळाशी ओल असेल-नसेल. पाणी नाही म्हणजे बुडायची भीती नाही, असं धरून आम्ही सगळेच तिच्याकडे काणाडोळा करत आलो होतो. पण लेकीने विचार केला असणार: पाणी होतं, बंद आहे, वर्षानुवर्षं पडून असलेलं लोखंड आहे. सगळ्यात मोठा तुकडा तिथेच. पोरगी हुशार, त्याचंच तर मातेरं झालं. वर्कशॉपमधून पहार घेऊन तिने आणि लंबूने झाकण उचकटलं. बोल्टसुद्धा गंजलेलेच, ते पटापट तुटले.

मी पळालो. मैदानावर इतकी वर्षं पळालोय, पण तसा कधी नाही. मागून ताईंची चप्पल वाजत होती, मग ती वाजायची थांबली, म्हणजे त्यांनी ती काढून टाकली असणार. मी बाहेरच्या शिडीने वर चढलो. झाकण बाजूला कलंडलेलं. भोकात डोकं घातलं.

आत अंधार, आणि अंधाराच्या तळाशी एक टॉर्च पेटलेला पडला होता. भिंगरी प्रयोगशाळेतून घेऊन गेली होती तो. त्याच्या उजेडाच्या पट्ट्यात तिचा बूट दिसत होता. पांढरा, खेळाचा, मीच आणलेला. बुटात पाय होता. पाय हलत नव्हता. आणि शिडीच्या अगदी पायथ्याशी लंबू दुमडून पडलेला.

“भिंगरे!” मी ओरडलो. माझाच आवाज लोखंडातून फिरून परत आला.

मी पाय आत सोडले. आणि पाठीमागून कुणीतरी माझ्या कमरेला मिठी मारली.

“नाही,” ताई म्हणाल्या.

“सोडा!”

“नाही सोडणार. आत हवा नाहीये.”

“अहो, झाकण उघडं आहे! डोळ्यांना दिसतंय ना, भोक आहे एवढं मोठं!”

“हवा आहे. तिच्यात ऑक्सिजन नाहीये. गंजाने खाल्लाय. वर्षानुवर्षं बंद होती ना टाकी? वारा नाही, नवी हवा आत जाणार कशी? उतरलात तर तुम्हीही शिडीखाली पडाल. लंबूच्या अंगावर.”

मी डोक्यात राख घालून घेतली. माझी पोर तिथे पडलेली आणि ही बाई मला धडा शिकवतेय! मी तिला ढकललं. ती सुटेना. मी कोपर मारलं, तिच्या तोंडावर बसलं, ओठ फुटला, रक्त माझ्या सदऱ्याला लागलं. मी शिव्या दिल्या. मेहुणीला, बायकोच्या थोरल्या बहिणीला, जिला मी आयुष्यभर ‘अहो’ म्हटलं, तिला नको नको ते बोललो. ती अंगाने माझ्या निम्मी आहे. तरी मला हलू दिलं नाही.

“हे बघा,” ती म्हणाली. “एकदाच बघा. मग जा, मी अडवणार नाही.”

एक हात माझ्या पट्ट्यात तसाच अडकवून तिने दुसऱ्या हाताने ॲप्रनच्या खिशातून मेणबत्ती काढली. मघाच्या प्रयोगातली, अर्धी जळलेली. काडी ओढली. भोकाच्या वर ज्योत सरळ उभी राहिली. तिने हात आत सोडला. मनगट गेलं, ज्योत होती. कोपर गेलं, ज्योत बारीक झाली, निळी झाली, आणि विझली. कोणी फुंकली नाही, वारा नव्हता. नुसती विझली. पेल्यातल्यासारखी.

तिने परत पेटवली. परत तेच.

मी भोकाच्या काठावर बसलो, पाय आत लोंबकळत होते, ते मी वर घेतले. उभ्या आयुष्यात मी केलेलं सगळ्यात अवघड काम तेच, पाय वर घेणं.

“मिस्त्री!” ताई खाली बघून ओरडल्या. वर्कशॉपचे मिस्त्री आणि अर्धी शाळा खाली जमली होती. “भुसा उडवायचा ब्लोअर आणा! लांब वायर आणा! नळी आत सोडायचीय. भावोजी, तुमची रस्सीखेचीची दोरी कुठे आहे?”

“खेळाच्या खोलीत.”

“कुणीतरी दोरी आणा! आणि ॲम्ब्युलन्सला फोन करा, ऑक्सिजनचं सिलिंडर पाहिजे म्हणून सांगा!”

ब्लोअर आला. मिस्त्रींनी नळी आत सोडली, ताईंनी ती धरून टॉर्चच्या दिशेने रेटली. मशीन घोंघावायला लागलं. टाकीच्या भोकातून एक वास वर आला, ओलसर, थंड, जुन्या नाण्यांचा. त्या वासात माझ्या पोरीचा शेवटचा श्वास असेल का, असा विचार माझ्या मनात आला आणि मी तोंडावर हात दाबला.

“आता जाऊ?” मी म्हटलं.

“थांबा.”

“आता?”

“थांबा म्हटलं ना!”

मी हात जोडले. खरंच जोडले. “ताई, तुमच्या पाया पडतो. ती तिथे आहे हो. बूट दिसतोय तिचा.”

“मलाही दिसतोय,” ताई म्हणाल्या. त्यांच्या हनुवटीवरून रक्त ओघळत होतं आणि त्यांनी ते पुसलं नव्हतं. “ती माझ्याच मांडीवर मोठी झालीय. थांबा.”

खाली एवढी शाळा, आणि फक्त ब्लोअरचा आवाज. मी जन्मभर पोरांना ‘आटप, पळ, चल लवकर’ म्हणत आलो. थांबायचं कसं ते मला कोणी शिकवलंच नव्हतं. माझ्या गळ्यातलं घड्याळ अजून चालू होतं. त्याची टिकटिक मला सहन होईना म्हणून मी ते काढून भिरकावून दिलं.

ताईंनी पुन्हा मेणबत्ती सोडली. या वेळी कोपरापर्यंत जळली. खांद्यापर्यंत ताईंनी हात घातला, तरी जळत राहिली. दुबळी, पण जळत राहिली.

“दोरी कमरेला बांधा,” त्या म्हणाल्या. “आणि शिट्टी तोंडात धरा. दर श्वासाला वाजवायची. वाजायची थांबली की आम्ही ओढणार, तुमच्या हातात कोणी असो नसो. आणि भावोजी, ऐकताय ना? आधी जवळचा.”

मी मान हलवली आणि उतरलो.

आत गार होतं. ब्लोअरचा वारा तोंडावर येत होता तरी छाती भरल्यासारखी वाटत नव्हती. मी शिट्टी वाजवत होतो आणि ती शिट्टी लोखंडाला आपटून कानात शिरत होती. पायाशी लंबू. त्याच्या पलीकडे, चार ढांगांवर, कोपऱ्यात, माझी मुलगी. टॉर्चच्या उजेडात तिचा चेहरा भिंतीकडे होता. तिथे पत्र्याचे पापुद्रे सुटले होते, तळहाताएवढे, लालभडक. तिला हवा होता तो तुकडा तोच.

मी लंबूला ओलांडलं. हो, ओलांडलं. एक पाय पलीकडे टाकलासुद्धा.

“आधी जवळचा!” वरून ताई किंचाळल्या. “त्याला हलवल्याशिवाय तिला वर काढता येणार नाही! शिडी अडलीय!”

त्या बरोबर होत्या. त्या नेहमीच बरोबर असतात, तेच तर माझं दुखणं. मी मागे फिरलो. लंबूच्या बगलेत हात घातले, त्याला उचलला, खांद्यावर घेतला. वरून मिस्त्रींचे हात आले. लंबूचे लांबच लांब पाय भोकात अडकले, ते सोडवता सोडवता माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. शिट्टी वाजवतोय असं मला वाटत होतं. ती वाजत नव्हती. एकदम कमरेला हिसका बसला आणि मी वर, उन्हात, पालथा.

“बघा!” ताई ओरडत होत्या. “बघा, सांगत होते ना!”

मी दोन श्वास घेतले आणि पुन्हा उतरलो. कोणी थांब म्हणालं असेल तर मी ऐकलं नाही. या वेळी ब्लोअरच्या वाऱ्याचा नळीतून येणारा झोत मला नीट लागला. मी कोपऱ्यात गेलो. तिला उचललं. ती हलकी होती. मागे तिला खांद्यावर घ्यायचो तेव्हापेक्षाही हलकी वाटली. तिच्या मुठीत तुकडा होता. ओठ निळे होते. मी शिट्टी वाजवत राहिलो, रडत रडत वाजवत राहिलो, वरच्यांना ती कशी ऐकू आली असेल देव जाणे.

ताईंनी वर तिला आडवी केली आणि तिच्या तोंडाला तोंड लावून हवा भरायला लागल्या. फुटलेल्या ओठाचं रक्त भिंगरीच्या गालाला लागलं. लंबूला मिस्त्री बघत होते, तो आधीच खोकत होता. भिंगरी खोकत नव्हती. ताईंनी भरली, थांबल्या, भरली. मी बाजूला बसून तिचा बूट हातात धरून होतो. मग ॲम्ब्युलन्सचे लोक शिडीवर आले, आणि त्यांच्या मास्कखाली कुठेतरी तिची छाती आपली आपण वर आली.

ती वाचली.

हे एक वाक्य लोकांना पुरतं. ‘देवाची कृपा,’ म्हणतात आणि पाठीवर हात ठेवतात. लंबूचा बाप तर माझ्या पायांवर डोकं ठेवायला आला, तुमच्यामुळे माझा मुलगा मिळाला म्हणून. मी त्याला उठवलं, चहा पाजला. लंबू आता पहिल्यापेक्षा जोरात पळतो. त्याला मैदानावर पळताना बघितलं की मला बरं वाटतं, आणि त्याच क्षणी त्याचा गळा धरावासा वाटतो. मी खोटं बोलत नाही. असं वाटतं.

भिंगरीला आम्ही घरी आणलं तेव्हा ती आम्हाला ओळखत होती. नाव विचारलं, सांगितलं. फक्त सांगायला वेळ लागला. प्रश्न विचारला की तो तिच्यात कुठेतरी लांब आत जातो, आणि उत्तर तिथून पायी येतं. डावा हात थरथरतो. पळायला गेली की पाय एकमेकांत अडकतात. डॉक्टर म्हणतात मेंदूला हवा कमी पडली, सुधारेल, किती ते सांगता येत नाही. तिला भिंगरी म्हणायचं सगळ्यांनी आपोआप बंद केलं. कोणी ठरवलं नाही, पण बंद झालं. फक्त मीच म्हणतो.

माझ्या बायकोने बहिणीशी बोलणं टाकलं. एकदाच बोलली, हॉस्पिटलच्या जिन्यात, माझ्या समोर. “तुला माझा नवरा दिसला. माझी मुलगी नाही दिसली?”

“दोघंही दिसत होते,” ताई म्हणाल्या. “दोघंही परत आणायचे होते.”

“अर्धीच आणलीस तिला.”

ताईंनी जिन्याचा कठडा धरला. ज्या बाईला शाळा ॲसिड म्हणते, ती जिन्यात उभी राहून गिळत राहिली. मी बायकोला म्हणू शकलो असतो, की त्यांनी मला धरलं नसतं तर मी लंबूवर पडलो असतो, माझ्यामागून मिस्त्री उतरले असते, आणि त्या टाकीतून कोणीच वर आलं नसतं. मला हे ठाऊक आहे. माझ्या सदऱ्यावरचं रक्त मला ठाऊक आहे. पण त्या क्षणी मी बोललो नाही, कारण मी काठावर बसून जितका वेळ थांबलो, तो वेळ कुठे गेला हे मला रोज घरात दिसतं. राग आहे मला. तो कोणावर काढायचा ते कळत नाही, म्हणून तो आहे तिथेच आहे.

टाकी गॅस कटरने कापून नेली. चौकशी झाली. चिठ्ठीत टाकीचं नाव नव्हतं, टाकीला कुंपण नव्हतं, धोक्याची पाटी नव्हती. सगळ्यांचं थोडं थोडं चुकलं, म्हणजे कोणाचंच काही झालं नाही. ताईंनी राजीनामा दिला होता. हेडबाईंनी तो घेतला नाही.

परवा पुन्हा उजळणीचा तास होता. या वेळी वर्गात बसूनच. मी मधल्या सुट्टीनंतर भिंगरीला वर्गात सोडायला गेलो होतो, तिला जिना चढताना कोणीतरी बरोबर लागतं. ती बाकावर जाऊन बसली. मला निघायला हवं होतं, बाहेर माझी पोरं मैदानावर वाट बघत होती. मी दारातच थांबलो.

ताईंच्या ओठावर अजून वण आहे. त्यांनी मला पाहिलं आणि नजर वळवली.

“लोखंड गंजायला काय लागतं?”

“पाणी आणि हवा!” सगळा वर्ग एका सुरात.

“लोखंडाचं काय होतं?”

“गंज होतो! लोखंड झिजतं!”

ताई म्हणाल्या, “हे पुस्तकात आहे. मी आजवर एवढंच विचारत आले. आता सांगा, हवेचं काय होतं?”

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. ती सगळी त्या दिवशी टाकीखाली उभी होती, सगळ्यांना उत्तर येत असणार. कोणाची हिंमत होत नव्हती.

तिसऱ्या बाकावरून हात वर आला. उजवा हात, सावकाश, आधी बाकावरून उचलला गेला, मग कोपरापाशी अडला, मग वर गेला. मागचा एक पोरगा सांगायला तोंड उघडणार, ताईंनी बोट ओठांवर ठेवलं. खिडकीतून मैदानावरचा गलका ऐकू येत होता. माझे पाय नेहमीसारखे चुळबुळ करायला लागले, चल, आटप, असं माझ्या घशापर्यंत आलं, आणि मी दाराची चौकट घट्ट धरली. भिंगरी फळ्याकडे बघत होती. तिच्या कपाळाला आठी पडली, ओठ हलले, पुन्हा मिटले. सगळा वर्ग तिच्यासाठी थांबला होता. मीही थांबलो.

“संपते,” ती म्हणाली. मग अजून थोडा वेळ गेला. “आणि… आपल्याला… कळत नाही.”

“बरोबर,” ताई म्हणाल्या. त्यांनी वर्गाकडे पाठ केली, डस्टर उचललं आणि फळा पुसायला लागल्या. बराच वेळ पुसत राहिल्या. फळा कोराच होता.